वय १९. ५० मीटर फ्रीस्टाइल ३२ सेकंदांत होतं. आता फिनस्विमिंग (पायांत फिन, म्हणजे पाती लावून पोहणं) करायचंय, तर थेट मोनोफिन (दोन्ही पायांना मिळून एकच मोठं पातं) घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. तुमचं वय १९, फ्रीस्टाइल पक्कं आहे, म्हणजे पाया चांगला आहे. तरी आधी सेंटर स्नॉर्केल (चेहऱ्यासमोरून वर जाणारी, श्वास घ्यायची नळी) आणि बायफिन्स (दोन पायांना दोन वेगळे फिन) घ्या. मोनोफिन दोन-तीन महिन्यांनी, तोही मऊ पात्याचा.

स्पर्धेचे प्रकार समजून घ्या, म्हणजे खरेदी सोपी जाईल. 'सरफेस'मध्ये मोनोफिन आणि स्नॉर्केल, ५० ते १५०० मीटर. 'ॲप्निया' म्हणजे एका दमात ५० मीटर. जगातले अव्वल पुरुष ते १४ सेकंदांच्या आसपास संपवतात. 'इमर्शन'मध्ये हवेची टाकी हातांत पुढे धरून पाण्याखालून जायचं. आणि बायफिन्समध्ये दोन पायांत दोन फिन, हात क्रॉलचे. नियम सीएमएएस ही जागतिक संघटना ठरवते. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, पण वर्ल्ड गेम्समध्ये १९८१ पासून आहे.

स्नॉर्केलला लोक किरकोळ समजतात आणि तिथेच अडतात. स्पर्धेसाठी नळीची लांबी ४३ ते ४८ सेंटिमीटर आणि आतला व्यास १५ ते २३ मिलिमीटर लागतो. ४५ सेंटिमीटर लांब, २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत साधारण १४० मिलिलिटर हवा मावते. सोडलेल्या श्वासातली तेवढी वापरलेली हवा नळीत उरते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत येते. श्वास उथळ घेतलात तर मुख्यतः तीच फिरत राहते आणि दोन लॅपमध्ये धाप लागते. म्हणून श्वास खोल आणि संथ हवा. टर्ननंतर वर आलात की आधी एक जोरदार फुंकर मारून नळी रिकामी करा, मग पहिला श्वास हळू, जिभेने वाट अर्धी अडवून घ्या, म्हणजे उरलेलं पाणी घशात जात नाही. नाकात पाणी जात असेल तर नोजक्लिप लावा, त्यात कमीपणा नाही. पहिले दोन आठवडे फिनशिवाय, फक्त स्नॉर्केल लावून ८ वेळा ५० मीटर, मध्ये २०-३० सेकंद विश्रांती.

बायफिन्समुळे घोट्यांना आणि मांड्यांना मोठ्या पात्याची सवय होते. किक कमरेतून, गुडघा जरासाच वाकलेला. स्पर्धेत डॉल्फिन किक (दोन्ही पाय एकत्र मारणं) फक्त स्टार्ट आणि टर्ननंतरच्या १५ मीटरपर्यंत चालते.

मोनोफिनचा वेग मात्र पात्याइतकाच खांद्यांवर अवलंबून असतो. हात डोक्यापुढे ताणलेले, तळहात एकावर एक, वरच्या हाताचा अंगठा खालच्या हाताला अडकवलेला, दंड कानांमागे. हे जमतंय का, ते घरीच पाहा: टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहा आणि हात तसेच वर न्या. कंबर भिंतीपासून सुटली तर खांदे आखडलेले आहेत. पाण्यात तेच ताठरपण कमरेत उतरतं आणि कंबर दुखायला लागते. शरीराची लाट छातीखालून सुरू होऊन पात्यापर्यंत जायला हवी. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे टाचा कुल्ल्यांकडे ओढून सायकल मारल्यासारखी किक. त्यात मांडी पाण्याला आडवी येते, पातं पाणी मागे ढकलण्याऐवजी नुसतं कापतं आणि दमणूक दुप्पट होते. पाण्याखालून, बाजूने मित्राकडून व्हिडिओ काढून घ्या, पहिल्याच लॅपमध्ये दिसेल. वरच्या किकला पाय जवळपास सरळ, जोर कुल्ल्यांचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा. कडक पातं ही चूक झाकत नाही, उलट तिचा सगळा भार घोट्याच्या पुढच्या भागावर टाकतं.

फूट पॉकेट, म्हणजे फिनमधली पाय घालायची रबरी जागा, घट्टच असतं. साबणाच्या पाण्याने पाय आणि रबर ओलं करा, तलावाच्या काठावर बसून घाला आणि बसल्या बसल्याच पाण्यात उतरा. फिन घालून उभं राहून चालायचा प्रयत्न नको. बोटं पाच मिनिटांत बधिर झाली तर माप लहान. टाच सुटत असेल तर मोठं. सुरुवातीला सत्राच्या शेवटी १०-१५ मिनिटं, ८ वेळा २५ मीटर, एवढंच. तळव्याला गोळा येणारच. आला की थांबा, काठ धरा, पात्याची कड हातात घेऊन स्वतःकडे ओढा.

ॲप्नियाचा सराव एकट्याने कधीही करू नका. आधी भराभर श्वास घेऊन 'दम वाढवणं' तर मुळीच नको. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते, तोवर ऑक्सिजन संपत आलेला असतो आणि काहीही जाणवायच्या आत शुद्ध हरपते. तुम्ही खाली असताना दुसऱ्याने काठावरून फक्त तुमच्याकडेच बघायचं. तो त्या वेळी स्वतः पोहत नसावा.

शेवटी तलावाचा प्रश्न. पात्याची रुंदी-लांबी प्रत्येकी ७६ सेंटिमीटरपर्यंत असू शकते आणि फायबरग्लासची कड शेजारच्याला चांगलीच लागते. भरलेल्या लेनमध्ये मोनोफिन लावू नका. व्यवस्थापकांशी बोलून पहाटेची किंवा दुपारची रिकामी लेन मागून घ्या. टर्नला पात्याची कड भिंतीवर आपटली तर तडा जातो, म्हणून पहिला महिना फ्लिप न मारता हाताने भिंत धरून वळा.