कोणत्या सालचं शरीर हवंय?

"माझ्या शरीरातच काहीतरी चुकलंय." मी समुपदेशक आहे आणि हे वाक्य माझ्यासमोरच्या खुर्चीतून सतत ऐकते. शाळकरी मुली म्हणतात, नुकतंच बाळंतपण झालेल्या म्हणतात, पन्नाशी ओलांडलेल्याही म्हणतात. कुणाची तक्रार मांड्यांची, कुणाची दंडांची, कुणाची छातीची. सोबत आलेल्या आईचा किंवा नवऱ्याचा प्रश्नही ठरलेला असतो: "हिला कितीदा सांगितलं, मासिकांतले, मोबाइलवरचे ते फोटो खरे नसतात. तरी पटत नाही. आता काय करायचं?"

उत्तर द्यायला मी एका मायलेकींची हकिकत सांगते. दोघींच्या परवानगीने सांगतेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे आणलं आहे.

मुलगी विशीतली. जेवण टाळायला लागली होती, ग्रुप फोटोत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहायची, बाहेर पडायचं म्हटलं की तीनतीनदा कपडे बदलायची आणि शेवटी घरीच थांबायची. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. तब्येतीला धोका नव्हता. मग आम्ही बोलायला बसलो.

"मॅडम, तुम्हीपण तेच सांगणार ना? फोटो एडिट केलेले असतात म्हणून?"

"ते तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे की. मीही करते एडिट. कंबर आत ढकलते, हनुवटी टोकदार करते. पण तरी मला तसंच दिसायचंय."

किती प्रामाणिक उत्तर! घरोघरी दिला जाणारा सल्ला इथेच अडतो. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड करून दाखवला असेल तर 'छायाचित्रात फेरफार केला आहे' असं छापणं बंधनकारक झालं. कायद्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण अशा सूचना वाचून बायकांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं असमाधान फारसं कमी होत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चित्र खोटं आहे हे डोक्याला कळतं, पण हवंसं वाटणं तसंच राहतं. माझी पक्की धारणा अशी, की 'हे खोटं आहे' हे कळून माणूस सुटत नाही, 'हे तात्पुरतं आहे' हे कळलं की सुटायला लागतो. 'तुझं शरीर चुकीचं आहे' असं आपल्या आत बोलणाऱ्या आवाजाला एक जन्मसाल असतं. ते सापडलं की तो आवाज आपला उरत नाही. माझं सगळं काम या विश्वासावर उभं आहे.

माझ्याकडे एक फाइल आहे. वर्षानुवर्षं जमवलेली जुन्या मासिकांची मुखपृष्ठं, आतली चित्रं आणि जाहिराती, साल झाकलेली. ती तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "यातल्या प्रत्येक मासिकाने तुला आज बघितलं, तर तुझ्यात काय बदलायला सांगेल ते लिही."

पहिलं चित्र अमेरिकन चित्रकार चार्ल्स डाना गिब्सन यांच्या 'गिब्सन गर्ल'चं. १८९० च्या दशकात 'लाइफ' साप्ताहिकात ही तरुणी गाजायला लागली. केस उंच बांधलेले, छाती भरदार आणि कंबर कॉर्सेटने आवळून मुठीत मावेल एवढी. मुलीने लिहिलं, 'कंबर कमी, छाती जास्त.' पुढचं चित्र १९२० च्या दशकातलं: बॉबकट, सैल झगा, सपाट अंग. त्या काळी बायका छाती दिसू नये म्हणून पट्ट्या बांधायच्या. तिने लिहिलं, 'छाती कमी.' आणि थांबली. वरची ओळ परत वाचली.

तिसऱ्या कागदावर ती सगळ्यात जास्त रेंगाळली. १९२८ च्या सुमाराला लकी स्ट्राइक कंपनी बायकांना सांगत होती, गोड खाण्याऐवजी आमची सिगारेट ओढा, म्हणजे सडपातळ राहाल. त्यानंतर काहीच वर्षांत मासिकांमध्ये आयर्नाइज्ड यीस्टच्या गोळ्यांच्या जाहिराती दिसायला लागल्या आणि १९५० च्या दशकात 'वेट-ऑन'च्या. त्यांचं सांगणं नेमकं उलटं: हाडकुळ्या मुलीकडे कुणी बघत नाही, आमचं औषध घ्या, अंगावर मांस चढवा.

"हे खरंच छापलं होतं? वजन वाढवायला?"

"हो. आणि आपण काटकुळ्या म्हणून लाजणाऱ्या मुली ते वाचून विकत घ्यायच्या."

"कशाला पण? बारीक असणं तर..." वाक्य तिने अर्धवट सोडलं.

पुढची चित्रं भराभर झाली. १९६६ मधली ब्रिटिश मॉडेल ट्विगी, काडीसारखे हातपाय. १९८० च्या दशकातली व्यायामाने घोटीव झालेली अंगं. १९९३ च्या जून महिन्यातल्या ब्रिटिश 'व्होग' या फॅशन मासिकातली मॉडेल केट मॉस, छायाचित्रकार कोरिन डे यांनी टिपलेली. तो हाडं दिसणारा फिका चेहरा पुढे एवढा पसरला, की १९९७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी अशा छायाचित्रांवर जाहीर टीका केली. आणि २०१४ मधलं 'पेपर' मासिकाचं, अमेरिकन टीव्हीवरच्या किम कार्दाशियनचं मुखपृष्ठ, तिथे कंबर पुन्हा बारीक आणि हिप्स भरगच्च.

तिची यादी पानभर झाली. छाती वाढवायची, कमी करायची, परत वाढवायची. हिप्स असायला हवेत, नकोत, हवेत. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, आणि ते गप्प बसणं मी कष्टाने शिकले आहे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "यातल्या एका वर्षी तरी मी बरोबर असेन ना?"

"असशील. आणि त्या वर्षी तुझी मैत्रीण चुकीची असेल."

खरा उलगडा मात्र पुढच्या भेटीत झाला. मी आईलाही बोलावलं होतं. बसल्या बसल्या आईने तक्रार मांडली.

"मॅडम, हिचे कपडे बघा. एवढे घट्ट! मी हिच्या वयाची होते तेव्हा कंबरेखालचं सगळं झाकून ठेवायचे. नेहमी ढगळ शर्ट."

"का बरं?"

"माझे हिप्स रुंद ना. तेव्हा मासिकात बघावं तर सगळ्या सरळसोट अंगाच्या मुली. मला स्वतःची लाज वाटायची."

मुलगी एकदम वळली. "आई, तुझे रुंद? मग माझे?"

"तुझे माझ्यासारखेच. डिट्टो."

"पण माझे तर कमी आहेत! मी ते वाढावेत म्हणून रोज रात्री स्क्वॉट्स मारते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तीच ठेवण, आईकडून लेकीकडे आलेली. आईने ती जास्त म्हणून लपवली आणि लेक कमी म्हणून तिच्याशी झगडतेय. मला वाटलं होतं आई हसेल. तिला राग आला.

"मी तीस वर्षं पोहायला उतरले नाही," ती म्हणाली. "मुलं पाण्यात खेळायची आणि मी काठावर टॉवेल धरून बसायचे. या एका गोष्टीपायी."

मुलीला हे माहीतच नव्हतं. "मला वाटायचं तुला पाण्याची भीती वाटते."

हा राग मला फार मोलाचा वाटतो. लाज माणसाला आत वळवते, 'माझंच चुकलं' म्हणायला लावते. राग आला की माणूस बाहेर बघून विचारतो, हे ठरवलं कोणी? त्या दिवशी दोघींनी तो प्रश्न एकाच वेळी विचारला, आणि आई नि मुलगी एका बाजूला आल्या. तोपर्यंत आई जेव म्हणून मागे लागायची आणि लेक तिच्यापासून ताट लपवायची.

ठरवलं कोणी, या प्रश्नावर आम्ही पुढच्या भेटींमध्ये बरंच बोललो. मासिकाची मोठी कमाई जाहिरातींची, आणि समाधानी वाचक जाहिरातदाराला कमी उपयोगी, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गिब्सन गर्ल कागदावर शाईने काढलेली होती आणि बघणाऱ्याला ते कळत होतं. १९३२ मध्ये अमेरिकन 'व्होग'ने मुखपृष्ठावर पहिल्यांदा रंगीत छायाचित्र छापलं, एडवर्ड स्टायकेन यांनी काढलेलं. हळूहळू चित्रकार मागे पडले आणि छायाचित्र आलं. छायाचित्र पुराव्यासारखं दिसतं. अशी बाई खरोखर आहे, मग मी का नाही? पुढे छायाचित्रही हाताने घडवलं जाऊ लागलं, पण पुराव्याचा रुबाब तसाच राहिला. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या 'टीव्ही गाइड' मासिकाच्या मुखपृष्ठावर टीव्ही निवेदिका ऑप्रा विन्फ्रीचा चेहरा होता आणि त्याखालचं धड अभिनेत्री अ‍ॅन-मार्गरेटचं. १९९० मध्ये फोटोत फेरफार करणारं फोटोशॉप हे सॉफ्टवेअर आलं आणि हे काम सोपं झालं. २००३ मध्ये 'जीक्यू' मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीने अभिनेत्री केट विन्स्लेटला बारीक करून छापलं, तेव्हा आपण अशा दिसत नाही आणि तसं दिसायची इच्छाही नाही, असं तिने जाहीरपणे सांगितलं. ज्यांचे फोटो बघून आपण झुरतो, त्यांचंही खरं अंग मासिकांना पुरेसं पडत नाही. मुलीने हा मुद्दा वहीत लिहून घेतला.

आईने विचारलं होतं, "पण नुसती चित्रं बघून एवढं होतं का?" मी तिला फिजीचं उदाहरण दिलं. तिथे भरल्या अंगाचं कौतुक होतं. १९९५ मध्ये एका भागात टीव्ही पोचला आणि अ‍ॅन बेकर या संशोधक डॉक्टरांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी सुरुवातीला नव्हती. १९९८ मध्ये असं करणाऱ्या सुमारे ११ टक्के निघाल्या. सगळं टीव्हीमुळेच घडलं असं कुणी ठामपणे म्हणू नये, पण तीन वर्षांचा अवधी किती थोडा आहे ते बघा.

ही मुलगी आता नीट जेवते. वाईट दिवस अजूनही येतात. तेव्हा ती म्हणते, "मॅडम, आज २०१४ जोरात बोलतंय," किंवा "आज १९९३." साल लावायची ही युक्ती तिची स्वतःची. मी ती आता इतरांना शिकवते आणि बहुतेकींना उपयोग होतो. आवाज बंद होत नाही, पण त्याचं ऐकायलाच हवं असं वाटत नाही.

घरच्यांना माझं सांगणं असं. 'तू छान दिसतेस' हे मुलीला सारखं सांगू नका, त्यानेही तिचं लक्ष दिसण्यावरच खिळतं. तिच्या पायांनी ती काय करते, हातांनी काय घडवते, त्याबद्दल बोला. तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका. मुली आईचं शरीर बघून स्वतःचं भविष्य वाचतात. दुसऱ्या बायकांच्या जाडीवर, बारीकपणावर घरात शेरे मारणं बंद करा, कौतुकाचे शेरेसुद्धा. "किती बारीक झालीस!" हे ऐकून उपास वाढवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि तुमच्या तरुणपणीचे फोटो काढून बसा. तेव्हा तुम्हाला स्वतःचं काय खटकायचं ते लेकीला खरंखरं सांगा. माझ्या फाइलपेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

एक गोष्ट मात्र बोलण्यावर सोडू नका. वजन झपाट्याने उतरतंय, पाळी थांबली आहे, चक्कर येतेय, जेवल्यावर मुलगी लगेच बाथरूममध्ये जाऊन दार लावतेय, जुलाबाच्या किंवा वजन उतरवायच्या गोळ्या लपवतेय, यातलं काहीही दिसलं तर आधी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ. तो आजार आहे, जीवावर बेततो आणि वेळेत उपचार मिळाले तर बरा होतो. अशा मुलीला माझ्याकडे आणलंत तरी मी पहिल्या भेटीत चिठ्ठी डॉक्टरांच्या नावानेच देते. जुन्या मासिकांची फाइल नंतर काढता येते.