लॉकरची किल्ली

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

काल महिन्याचा हिशोब लावताना दिसलं, की ४१ नंबरच्या लॉकरची किल्ली परत आलेली नाही. जूनमध्ये जाताना तू गादी, टेबललॅम्प, मेसचं डिपॉझिट सगळं नेलंस. किल्ली विसरला असशील, असं मी धरून चाललो. रात्री तुझा फोन आला, "काका, राज्यसेवेचा शेवटचा एक अटेम्प्ट देऊ का?" मग किल्लीचा उलगडा झाला.

फोनवर मी हो-नाही काहीच बोललो नाही. सदाशिव पेठेत एकोणीस वर्षं अभ्यासिका चालवतोय. असा फोन करणाऱ्याला परवानगी हवी असते, आणि ती द्यायचं मी कधीच सोडून दिलंय.

थांबायचं तूच ठरवलंस, माझ्या टेबलापाशी उभा राहून. एकदा सीसॅटचे, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या पात्रतेच्या पेपरचे ३३ टक्के जमले नाहीत, एकदा दीड मार्कानं पूर्व परीक्षा गेली, पतसंस्थेत नोकरी मिळतेय, थांबतो. निर्णय बरोबर होता का, मला माहीत नाही. पण काल तू जी कारणं सांगितलीस ती बघ. रूममेटचा निकाल लागला. बाबा म्हणतात, एकदा बघ. खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे. यातलं जूनमध्ये काय नव्हतं? रूममेट तेव्हाही हुशारच होता. बाबा तेव्हाही हेच म्हणत होते.

नवं कारण कसं असतं ते सांगतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि ती पद्धत २०२५ वर गेली. पर्यायांचे गोल काळे करायची सवय झालेल्या मुलांपुढे आता नऊ लेखी पेपर आले. तेव्हा इथल्या कितीतरी जणांनी आपले बेत मोडले. कोणी घरी गेलं, कोणी यूपीएससीकडे वळलं. त्यांना मी धरसोड म्हटलं नाही. खेळच बदलला होता.

माझं ऐक. मी डायरीत 'दोन प्रयत्न' लिहून पुण्यात आलो होतो. दिले पाच. तिसऱ्याला थोडक्यात हुकल्याचं कारण होतं. चौथ्याला, अभ्यास झालेलाच आहे. पाचव्याला कारण शोधायचीही गरज वाटली नाही, फॉर्म सुटला की हात आपोआप जायचा. त्या वर्षी वडिलांनी दुभती म्हैस विकली, हे मला दिवाळीला गोठ्यात गेल्यावर कळलं.

तेव्हा मन घट्ट कर वगैरे मी तुला सांगणार नाही. दिवसभर पतसंस्थेत तुझं मन घट्टच असतं. रात्री अकरानंतर आणि निकालाच्या दिवशी ते सुटतं. म्हणून टेलिग्रामवरचे ते सगळे चॅनल सोड, नुसते म्यूट करून ठेवू नकोस. पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयात दे. अप्पा बळवंत चौकात विकायला आणलीस तर परत माझ्याच दारात येशील. कारण सुचलं की वहीत तारखेसह लिही आणि महिनाअखेरीस वाच. जूनमध्ये माहीत असलेलं असेल तर काट मार.

आणि बाबांशी बोल. मला वाटतं, सगळ्यात मोठी गाठ तिथेच आहे. बहिणीच्या फीसाठी तू सोडलंस, असा त्यांचा समज आहे, म्हणून ते बिचारे पुन्हा पुन्हा 'एकदा बघ' म्हणतात. पैशाचं ओझं आपण पोराच्या पायात घातलं, असं त्यांना वाटत असणार. तू खरं सांगितलेलंच नाहीस, की तुलाच कंटाळा आला होता. गेल्या उन्हाळ्यात तू दुपारभर एकच पान उघडून बसायचास, मी काउंटरवरून बघत होतो. हे त्यांना सांगायला तुला जड जाईल. तरी सांग. निकालाच्या दिवशी ते गप्प राहिले तर तुला पुष्कळ सोपं जाईल.

खरंच नवीन काही घडलं तर वही घेऊन ये, चहा पीत वाचू.

डुप्लिकेट किल्लीनं लॉकर उघडला, माफ कर. आत चालू घडामोडींचे अंक आहेत आणि उत्तरलेखनाची एक कोरी वही. नांदेडहून आलेल्या एका मुलीला ४१ नंबर हवाय, सध्या ती बॅग मांडीवर घेऊन बसते. वही पण घेईन म्हणाली. शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
अभ्यासिकेवाला काका