थंडीतलं लग्न, जुनं लाकडी कोठार, नुसत्या दिव्यांच्या माळा आणि माझ्याकडे एकच फ्लॅश, फोटो कसे काढू?

तुम्ही लिहिलंय की मित्राचं लग्न आहे, ऐन थंडीत, संध्याकाळी, जुन्या लाकडी कोठारात, छताला दिव्यांच्या माळा आणि टेबलांवर मेणबत्त्या, तुमच्याकडे एक कॅमेरा, किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळते ती), ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) आणि एक फ्लॅश, आणि भीती ही की सगळं काळं येईल. अशा जागी मी बरीच लग्नं शूट केलीत म्हणून आधी हे सांगतो, अशा ठिकाणी फोटो काळे येऊन जेवढे बिघडतात त्यापेक्षा जास्त सगळं उजळून टाकल्यामुळे बिघडतात. त्या दोघांनी ही जागा घेतलीय तीच मुळी त्या मंद पिवळ्या उजेडासाठी, तुम्ही समोरून थेट फ्लॅश मारलात की माळा विझल्यासारख्या दिसतात, लाकूड फिकट पडतं आणि ते कोठार कुठलाही हॉल होऊन जातं.

फ्लॅश छताकडे वळवून मारा असं तुम्हाला सगळे सांगतील. छत पांढरं आणि बसकं असेल तर ते बरोबरच आहे. पण गडद लाकूड बराचसा उजेड पिऊन टाकतं आणि उरलेला तपकिरी करून खाली पाठवतं, त्यात छत उंच, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्साच उरतो. मी सुरुवातीला एका लग्नात हेच केलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या आणि चेहरे मातकट, आणि एडिटिंगला तीन दिवस बसूनही ते रंग परत आले नाहीत. नवरीचे तिच्या आजीबरोबरचे तेवढेच फोटो होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा. एक स्टँड, साधा रेडिओ ट्रिगर (लांबचा फ्लॅश बिनतारी उडवणारा), पांढरी छत्री, एवढं पुरतं. पण क्रम महत्त्वाचा आहे, आधी फ्लॅश बंद ठेवून माळा आणि लाकूड जसं डोळ्यांना दिसतंय तसं येईपर्यंत सेटिंग करा (माझी सुरुवात साधारण आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२००, एफ २, शटर १/१०० सेकंद इथून होते, पुढे जागेप्रमाणे), आणि मग फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/३२ पॉवरवर लावून चेहऱ्यापुरता उजेड हळूहळू वाढवा. फ्लॅश उजळलेला कळला तर तो जास्त झालाय. आणि त्याच्या तोंडावर नारिंगी जेल (पातळ, पारदर्शक, रंगीत कागदासारखी असते ती) लावायची विसरू नका, फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्विन असतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), पिवळ्या माळांचा २७०० ते ३०००च्या आसपास, जेल नसेल तर चेहरे निळे आणि मागचं सगळं नारिंगी असं विचित्र मिश्रण होतं जे नंतर सुटता सुटत नाही. फुल सीटीओ नावाची जेल फ्लॅशला ३२०० पर्यंत आणते. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कोणता उजेड पांढरा धरतो ते) ऑटोवर नको, हातानं ३५०० च्या आसपास ठेवा म्हणजे थोडी ऊब राहते, आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग नंतर बदलता येतात) शूट करा.

माळा एलईडी असतील तर अजून एक भानगड असते. वीज ५० हर्ट्झची असेल तर साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात (६० हर्ट्झ असेल तिथे १२०), डोळ्यांना कळत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा, ५० हर्ट्झला शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. डिमरवरच्या माळा कशा वागतील ते आधी सांगता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथे जाऊन दहा फोटो काढून बघाच.

एफ १.८ वर एक जपा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दोन मीटरवरून ५० एमएमनं काढलंत तर फोकसमध्ये येणारा पट्टा साधारण १७ सेंटीमीटरचाच असतो, दोघांपैकी एक जरा मागे उभा राहिला की त्याचा चेहरा गेला. घरच्यांचे ग्रुप फोटो एफ ४ किंवा ५.६ वर, आणि ते तर दिवस असतानाच उरकून घ्या.

कारण थंडीत खरी मारामारी वेळेची असते. सूर्य लवकर मावळतो हे सगळ्यांना माहीत असतं पण कार्यक्रम ठरवताना कोणी ते धरत नाही, तुम्ही मित्राला आजच त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ कळवा आणि त्याच्या आधीचा एक तास मागून घ्या. कोठाराचं मोठं दार उघडं ठेवून दोघांना उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर उभं करा, तोंड बाहेर. समोरून मऊ उजेड, मागे काळोख, याच्यापेक्षा चांगला स्टुडिओ तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही! सूर्यास्तानंतर वीस मिनिटं ते अर्धा तास आकाश गडद निळं राहतं आणि आतले दिवे पिवळे, ती वेळ काहीही झालं तरी सोडू नका. फक्त दोघांना एका वेळी दहा मिनिटांच्या वर बाहेर ठेवू नका, नाक लाल होतं, खांदे आखडतात आणि ते फोटोत दिसतं. शाल घेऊन कोणाला तरी शेजारी उभं करा.

बॅटऱ्या गारठ्यात लवकर उतरतात, जादाच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा, उतरलेलीही उबेत ठेवली की थोडी परत येते. आणि बाहेरून गरम हॉलमध्ये शिरलात की गार लेन्सवर लगेच वाफ धरते आणि नेमकं तेव्हाच आत काहीतरी चालू असतं. आत जायच्या आधी, बाहेरच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, अर्धा तास तसाच राहू द्या म्हणजे दव पिशवीवर धरतं. जमलं तर आतल्यासाठी दुसरा कॅमेरा कोणाकडून तरी मागून घ्या, मला तरी याला दुसरा चांगला पर्याय सापडला नाही.

स्टँडच्या पायावर वजन ठेवा, आणि वाळलेलं गवत सजावटीला असेल तर मेणबत्त्या फोटोसाठी त्याच्याजवळ सरकवू नका, कितीही छान दिसलं तरी.

किट लेन्स पाहुणे यायच्या आधी रिकामं सजवलेलं कोठार काढायला वापरा, आणि ते निळं आकाश असतानाच्या एका फोटोसाठी. ट्रायपॉड लांब लावा, आयएसओ ४००, एफ ५.६, एक-दोन सेकंद, सगळी दारं-खिडक्या आतून उजळलेल्या आणि दारात ते दोघं. त्यांना सांगा की मी हो म्हणेपर्यंत एकमेकांना टेकून अजिबात हलू नका, आणि पाच-सहा फोटो काढा, एकात तरी दोघंही स्थिर सापडतातच.