खाण्याचे विकार आणि स्वतःला इजा करून घेणं यावर माध्यमांत जे येतं, त्याने मुलं सावध होतात की आणखी ओढली जातात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, जेवण टाळते आणि अशाच मुलींवरचे व्हिडिओ एकापाठोपाठ एक बघत बसते. ते बंद करावेत की निदान माहिती तरी मिळते म्हणून बघू द्यावेत, असा तुमचा प्रश्न आहे. मी या आजारातून गेले आहे, म्हणून तिच्या जागी बसून उत्तर देते.

२००८ साली मी अकरावीत होते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये तेव्हा ‘साइज झिरो’ची लाट होती. एका पानावर कुठल्याशा हिरॉइनने वजन कसं उतरवलं ते असायचं आणि कधीतरी आतल्या पानावर ‘या वेडापायी मुली आजारी पडताहेत’ असा लेख यायचा. तो दुसरा लेख मी कापून वहीत ठेवला होता. त्यात एका परदेशी मुलीचं वजन आकड्यात दिलेलं, ती दिवसभरात काय खायची त्याची यादी आणि फोटो. लिहिणाऱ्याने कळकळीनेच लिहिलं असणार. माझ्या मनात मात्र तो आकडा बसला आणि आपला आकडा तिच्यापेक्षा जास्त आहे याची लाज वाटत राहिली.

धडधाकट माणूस असा फोटो बघून हादरतो. आजारी मुलगी त्याच्याशी स्वतःला मापते. २००७ मध्ये मिलानच्या फॅशन वीकच्या सुमारास इटलीत मोठाली होर्डिंग लागली होती. इझाबेल कारो ही फ्रेंच मॉडेल स्वतः अ‍ॅनोरेक्सियाने, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच टाळण्याच्या विकाराने, आजारी होती आणि तिचा हाडं दिसणारा देह त्यांवर होता. हेतू धोका दाखवण्याचाच होता. पण मुली याचंच अनुकरण करतील, अशी भीती या आजारावर काम करणाऱ्यांनी तेव्हाच बोलून दाखवली. कारो २०१० मध्ये, २८ व्या वर्षी गेली. ती होर्डिंग मी तेव्हा पाहिली असती तर तो फोटोही वहीत गेला असता.

आणि आजाराबद्दल अवाक्षरही न काढता परिणाम होतो. प्रशांत महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशात, नाद्रोगा भागात टीव्ही १९९५ मध्ये आला. तिथे अंगाने भरलेलं असणं चांगलं मानत. अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची आधी १९९५ मध्ये आणि मग १९९८ मध्ये पाहणी केली. वजनासाठी खाल्लेलं उलटून टाकते असं सांगणारी पहिल्या खेपेला एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के होतं. पाहणी लहान होती, पण मला ती फार जवळची वाटते.

स्वतःला इजा करून घेण्याचं चित्रण तर आपल्या सिनेमांनी पार बिघडवून ठेवलंय. प्रेमभंग झाला की रक्ताने चिठ्ठी लिहायची! त्यामुळे घरात कुणी असं केलं की मोठ्यांच्या तोंडी पहिला शब्द ‘नाटकं’ हाच येतो. माझ्या हॉस्टेलमधली रूममेट ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचे कुडते घालायची. दोन वर्षं तिने कुणाला कळू दिलं नाही. ती दाखवण्यासाठी करत असती तर लपवलं कशाला असतं?

आता व्हिडिओंबद्दल. लंडनची मॉली रसेल १४ वर्षांची असताना २०१७ मध्ये गेली. २०२२ मधल्या न्यायालयीन चौकशीत पुढे आलं की शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर सेव्ह, लाइक किंवा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्येशी संबंधित होत्या. यातलं काही तिने मागितलेलंही नव्हतं, आपोआप समोर येत होतं. तुमच्या मुलीचं तसंच होत असणार. एक थांबून बघितला की पुढचे दहा येतात.

फोन हिसकावून घेऊ नका, ती दुसरीकडे बघेल. शेजारी बसा, एखादा व्हिडिओ तिच्याबरोबर बघा आणि तिला यात काय दिसतं ते विचारा. मग दोघी मिळून ती खाती बंद करा.

कुठल्याही लेखात न आलेली एक गोष्ट सांगते. मी गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरायला लागले तेव्हा आजी माझं कौतुक करायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘छान बारीक झालीस गं!’ फोटोतल्या मुलीसारखी हाडं माझी कधीच दिसली नाहीत, म्हणून कुणाला शंका आली नाही. पाळी थांबली तेव्हा आईने दवाखान्यात नेलं. तुम्ही तेवढी वाट बघू नका. वजन ठीक दिसत असलं तरी या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या, सोबत मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि तोवर घरात कुणालाही तिच्या अंगावरून, चांगलं किंवा वाईट, काहीही बोलू देऊ नका. आजीलासुद्धा.