फरशी फोडण्याआधी गच्चीवर जाऊन या

तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. बेसिनचं पाणी सोडलं की बाथरूमच्या फरशीतल्या जाळीत गटगट आवाज, संध्याकाळी वास, दुसरी जाळी कायम कोरडी, आणि प्लंबर म्हणतोय फरशी फोडा. हे सगळं आम्ही जवळजवळ वर्षभर भोगलंय. आमचं घर १९६४चं, पेठेतलं, तळमजला अधिक दोन. बाथरूम पहिल्या मजल्यावर.

आधीच सांगतो, मी प्लंबर नाही, इंजिनियरही नाही. तुमचं घर न बघता लिहितोय, तेव्हा पडताळून घ्या.

बेसिनचं पाणी जाळीत दिसणं हा बिघाड नव्हे. जुन्या घरांत बऱ्याचदा बेसिनला स्वतःचा ट्रॅप, म्हणजे पाणी साचून राहून गटाराचा वास अडवणारा भाग, नसतो; त्याचा पाईप फरशीखालून नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, सोडलेला असतो. कोरडी जाळी बहुधा जुन्या मोरीची असावी, मधली भिंत पाडून एक खोली केली असेल. तिच्यात तांब्याभर पाणी ओता. वास गेला आणि आठवडाभर आला नाही, तर ट्रॅप नुसता सुकला होता. पण दोन-चार तासांत परत आला, तर पाणी बहुधा कुणीतरी ओढून नेतंय. आमच्याकडे हेच होत होतं, आणि त्याला कारण मीच होतो.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना कठड्याच्या वर गेलेला एक बिडाचा पाईप दिसला. वरून उघडा, कशालाच जोडलेला नाही. कामगाराने विचारलं, ‘हा कशाला ठेवायचा?’ मी म्हटलं, काप आणि सिमेंटने बुजव. तो व्हेंट पाईप होता. सांडपाण्याच्या उभ्या लाईनला हवा तिथूनच मिळत होती. ती बंद झाल्यावर वरच्या मजल्यावरचं पाणी खाली कोसळताना मागे पोकळी होई आणि ती आमच्या ट्रॅपमधलं पाणी खेचून घेई. ट्रॅपमधलं ते दोन इंचांचं पाणी म्हणजेच गटार आणि घर यांच्यामधलं दार. ते गेलं की वास थेट खोलीत.

हे कळायच्या आधी मी बाथरूम दोनदा फोडून घेतलं. कोबा उखडला, नवा ट्रॅप बसवला, नवी फरशी घातली, तरी वास तसाच.

मग वाटलं, मूळ ड्रेनेजचा नकाशा मिळाला तर लाईन कशी गेलीय ते कळेल. त्यासाठी ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव घेत नाही. तिथे अर्जासोबत नकाशाचीच प्रत मागितली. प्रत माझ्याकडे असती तर मी अर्ज कशाला केला असता? या टेबलावरून त्या टेबलावर सात महिने गेले. शेवटी एक साहेब आले, चेंबरचं झाकण उचलून पाहिलं, ‘चोकअप नाही’ असा शेरा लिहिला आणि गेले. गच्चीवर जायला दोन मिनिटं लागली असती. माझ्या ऐंशीच्या पुढच्या आईने त्या वासात दिवस काढले, त्याचा राग अजून जात नाही.

सापडलं ते असं. एका रविवारी जाळी काढून टॉर्च घेऊन फरशीवर पालथा पडलो आणि चुलत भावाला वरच्या मोरीत बादली एकदम ओतायला सांगितली. ट्रॅपमधलं पाणी थरथरलं, एक मोठा बुडबुडा वर आला आणि लगेच पाणी गर्रकन खाली ओढलं गेलं. डोळ्यांसमोर ट्रॅप निम्मा रिकामा! त्याच दिवशी गच्चीवरचं सिमेंट फोडलं, मग पाईप पुन्हा उंच करून वर जाळीची टोपी बसवली. पुन्हा बादली ओतली, पाणी जरासं हललं आणि तिथेच राहिलं.

तर तुम्हीही हेच करा. पाईप उघडा असला तरी वरून चांगली बॅटरी मारून बघा, पक्षी आत घरटं करतात. डासांसाठी त्यावर नायलॉनची बारीक जाळी बांधू नका, धूळ बसून तीच बूच होते.

कुठलं पाणी कुठे जातं हे बघायचं असेल तर मोरीत आलता किंवा हळदीचं पाणी ओता आणि दुसऱ्याला चेंबरपाशी उभं करा. चेंबरमध्ये डोकं घालू नका आणि आत तर मुळीच उतरू नका. तिथल्या वायूने माणसं मरतात. कुणी ॲसिड ओतायला सांगेल, तर बिडाच्या पाईपमध्ये ते ओतू नका. आणि गावाला जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल टाकून जा, ट्रॅप लवकर सुकत नाही.

तुमचं बाथरूम कितव्या मजल्यावर आहे ते पोस्टमध्ये नाही. तळमजल्यावर असेल तर माझं सगळं लागू पडेलच असं नाही, तिथे बाहेरचा गली ट्रॅप, म्हणजे घराबाहेर जमिनीत बसवलेला सांडपाण्याचा ट्रॅप, आधी साफ करून बघावा लागेल. बादली ओतल्यावर काय दिसलं ते इथेच लिहा. मी रात्री बघतो.