इतामाए म्हणजे आचारी का?

प्रश्न असा आहे: तोक्योचे सुशीवाले जिरो ओनो यांच्यावर मराठीत लिहिताना 'इतामाए'साठी 'मुख्य आचारी' चालेल का?

माझ्या मते नाही. 'इता' म्हणजे फळी, 'माए' म्हणजे पुढे. इतामाए म्हणजे फळीपुढे उभा राहणारा. आपला आचारी चुलीपाशी ओळखला जातो, हा सुरीपाशी. आपल्या विळीचे पाते जागेवर असते, मासा फिरतो. इथे मासा जागेवर, आणि एकाच बाजूने धार लावलेली फूटभर लांब 'यानागिबा' सुरी मुठीकडून टोकापर्यंत एका ओढीत आपल्याकडे येते. करवतीसारखी मागेपुढे चालवली की मांसाचे धागे फाटतात, काप खरबरीत निघतो.

मात्र इतामाए पारंपरिक जपानी स्वयंपाकघरात कुठेही असतो. नेमका शब्द 'सुशी शोकुनिन', आणि शोकुनिन म्हणजे सरळ कारागीर. ओनोंचा जन्म १९२५चा, तोक्योच्या गिन्झा भागातले दुकान १९६५चे. २००७ मध्ये मिळालेले मिशलँ या उपाहारगृह-मार्गदर्शिकेचे तीन तारे सगळ्यांच्या लक्षात असतात. त्याआधी २००५ मध्ये जपान सरकारने त्यांना निष्णात कारागीर म्हणून गौरवले, हे कोणी सांगत नाही. तो मान सुतार-शिंप्यांनाही मिळतो.

नवा मुलगा 'मिनाराइ', म्हणजे पाहून शिकणारा. आपल्याकडे 'उमेदवार' हा शब्द यासाठी तयारच आहे, निवडणुकांनी पळवला ती गोष्ट वेगळी. तो गुरूला 'ओयाकाता' म्हणतो. सूमो पैलवानांच्या गुरूलाही हाच शब्द, म्हणून मराठीत तालमीतला 'वस्ताद' चपखल बसतो. गिऱ्हाईक मात्र त्याला 'ताइशो', म्हणजे सेनापती, अशी हाक मारते.

'भात शिजवायला तीन वर्षे, वळायला आठ' अशी तिकडे म्हण आहे. सुशीच्या भाताला म्हणतात 'शारी'. बुद्धाच्या अस्थींसाठीचा संस्कृत 'शरीर' चीनमार्गे जपानात पोचला आणि पांढऱ्या दाण्यांच्या साम्यावरून भाताला चिकटला, अशी व्युत्पत्ती देतात. आता तीन वर्षे कशाला? साडेचारशे ग्रॅम तांदळाला ६०-७० मिली तांदळाचे व्हिनेगर लागते. साखर-मीठ त्यात आधी विरघळवून, भात वाफाळता असतानाच ओतायचे. निवलेल्या भातात ते मुरत नाही, तळाशी साचते. उथळ लाकडी भांड्यात उलथन्याने कापल्यासारखे मिसळायचे, कारण ढवळले की दाणे मोडून गिचका होतो. पंख्याने वारा घालून अंगाइतका कोमट ठेवायचा. गार झाला तर कडक लागतो.

'निगिरी' म्हणजे हाताने वळलेल्या भाताच्या गोळ्यावर माशाचा काप. तिचे मूळ 'निगिरु', मुठीत धरणे. काही जण 'मूद' लिहितात, पण मूद वाटीने पडते. 'मुटका' जास्त जवळचा, तरी अर्धाच खरा: मुटका आपण घट्ट दाबतो, निगिरी उचलताना टिकावी आणि जिभेवर सुटावी लागते. हाताला पाणी-व्हिनेगर कमी लावले तर भात बोटांना चिकटतो, जास्त लावले तर गोळा फळीवरच विस्कटतो.

तेव्हा पहिल्या उल्लेखात 'इतामाए' ठेवून कंसात 'फळीपुढचा कारागीर' द्या, नंतर नुसते 'कारागीर'. शिष्यांच्या संदर्भात 'वस्ताद'. 'निगिरी' तशीच राहू द्या.