अ‍ॅक्रोबॅटच्या पीडीएफ फॉर्ममध्ये यादीतून निवडलेले सगळे पर्याय एका चौकटीत कसे दाखवायचे?

लिस्ट बॉक्सला ‘मल्टिपल सिलेक्शन’ द्या आणि टेक्स्ट फील्डच्या ‘कॅल्क्युलेट’ टॅबमध्ये जावास्क्रिप्ट लिहा: करंटव्हॅल्यूइंडायसेस (निवडलेल्या पर्यायांचे क्रमांक) वाचायचे, प्रत्येक क्रमांकाचं नाव गेटआयटमअ‍ॅटने काढायचं (दुसरं आर्ग्युमेंट फॉल्स, नाहीतर एक्सपोर्ट व्हॅल्यू, म्हणजे दिसणाऱ्या नावामागची साठवलेली किंमत येते) आणि स्वल्पविरामाने जोडून इव्हेंट.व्हॅल्यूला (म्हणजे त्या टेक्स्ट फील्डच्या मजकुराला) द्यायचं. घोडं अडतं ते इथे: अनेक पर्याय निवडले तर अ‍ॅरे (क्रमांकांची यादी) मिळतो, एकच असेल तर नुसता आकडा आणि काहीच नसेल तर उणे 1. म्हणून लूप चालवण्याआधी आकडा आहे की अ‍ॅरे ते टाइपऑफने तपासा, आणि आकडा असेल तर तो उणे 1 आहे का तेही पाहा. प्रत्येक पर्याय वेगळ्या ओळीवर हवा असेल तर स्वल्पविरामाऐवजी नव्या ओळीच्या चिन्हाने जोडा आणि टेक्स्ट फील्ड मल्टिलाइन ठेवा. मात्र मल्टिपल सिलेक्शन असताना निवड लगेच नोंदवण्याची सोय मिळत नाही. मजकूर यादीबाहेर क्लिक केल्यावर किंवा टॅब दाबल्यावरच बदलतो. तेवढ्यावरून स्क्रिप्टला दोष देऊ नका. ड्रॉपडाउनवर हे जमणार नाही, त्यात निवड एकच.